आप्पांच्या पाणपोईवरची काळी बाटली

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा आणि मग जवळ या. मी एक जुनी काचेची बाटली आहे, बोटभर उंचीची, आणि माझ्या पोटात जे भरलंय त्याची मला स्वतःलाच शिसारी येते. तोंडाला मेण लावून मला बंद केलंय म्हणून निभावलं. नाहीतर सडक्या अंड्यांचा असा वास सुटला असता की वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातली ही अख्खी गल्ली ओस पडली असती.

जन्मापासून मी अशी नव्हते. काचेच्या कारखान्यातून निघाले ती थेट खोकल्याच्या औषधाकडे गेले. गुलाबी, गोड औषध होतं, लेकरं माझं झाकणसुद्धा चाटून पुसून ठेवायची. औषध संपलं तशी रवानगी भंगारवाल्याच्या पोत्यात झाली. तिथं फिनेल आणि रॉकेलच्या बाटल्यांशी अंग घासत चार महिने काढले. मग नवी मुंबईतल्या एका कॉलेजानं आम्हा पन्नास जणींना विकत घेतलं, उकळलं, आणि प्रत्येकीच्या पोटात औषध लावलेली कागदाची एक पट्टी घालून बूच लावलं. मला वाटलं, चला, सुटले एकदाची. कसली सुटते मी.

ते कॉलेज सार्वजनिक आरोग्याची पदवी देणारं होतं. तिथली मुलं काय शिकत ते ऐका. माशी कशाकशावर बसून येते, संडास विहिरीपासून किती लांब हवा, उकिरड्यात अळ्या किती दिवसांत होतात. जेवणाचा डबा उघडायचा, शेजारी वही उघडायची, वहीत जंताचं चित्र काढायचं आणि वर मैत्रिणीकडे चटणी मागायची. मी आपली बूच घट्ट धरून बसायचे.

आणि आमचं काम त्याहून घाण होतं. आमच्यात पिण्याचं पाणी भरायचं आणि एक दिवस उबेला ठेवायचं. पाण्यात माणसाची विष्ठा मिसळली असली, अगदी डोळ्यांना न दिसण्याइतकी, तरी आम्ही काळ्याकुट्ट पडायचो. पाणी चांगलं असलं तर बहुतेक जशास तशा राहायचो. जी बाटली जास्त काळी तिच्याभोवती मुलं जास्त गोळा व्हायची. "ए, ही बघ, काय भारी आलीय," म्हणायची. अशा कौतुकाचं काय लोणचं घालायचंय?

मी ज्या मुलीच्या वाट्याला आले तिचं नाव मंजुषा. मूळ गाव साताऱ्याकडचं, राहायला कोपरखैरण्याला. तिचे वडील आप्पा मार्केटात माथाडी, पाठीवर कांद्याची पोती वाहणारे. चाळीतल्या बाया तिच्या आईला, प्रेमलाला, विचारायच्या, "पोरगी काय गटारं मोजायला शिकतीया व्हय?" प्रेमला विषय बदलायची. आप्पा मात्र छाती काढून सांगायचे, "माणसं आजारी पडूच नयेत, त्याची डॉक्टर व्हणार हाय ती."

आप्पांचा जीव दोन गोष्टींत होता. एक ही लेक, दुसरी पाणपोई. मार्केटातल्या गाळ्याच्या कोपऱ्यावर त्यांनी मोठा रांजण मांडला होता आणि त्यावर आईच्या नावाची पाटी लावली होती, 'कै. सरस्वतीबाई यांच्या स्मरणार्थ'. दहा वर्षांत एक सकाळ चुकली नाही, रांजण भरूनच पहिलं पोतं उचलायचे. पण त्या फेब्रुवारीत, सत्त्याण्णव साली, माथाड्यांत जुलाब-उलट्यांची साथ आली. कुजबुज सुरू झाली की पाणी बाधतंय. आप्पांचे पंधरा वर्षांपासूनचे जोडीदार ज्ञानूकाका घरून बाटलीत पाणी आणायला लागले. आप्पांना ते फार लागलं.

मंजुषाचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पाण्यावरच होता. नियम असा की पाणी विद्यार्थ्यानं स्वतः जागेवर जाऊन घ्यायचं. पण सकाळी तिला कॉलेज होतं, आणि आप्पा रोज तिथं जातच होते. तिनं मला त्यांच्या हातात दिलं.

"आप्पा, यात पाणपोईचं पाणी आणा. मॅडमना दाखवायचंय. टेन्शन घेऊ नका, बूच काढायचं, भरायचं, लावायचं. आत बोट घालायचं नाय."

आता आप्पांचं आयुष्य गेलं घाऊक बाजारात. तिथली रीत तुम्हाला ठाऊक नसेल. गिऱ्हाइकासमोर पोतं उघडतात तेव्हा वर टपोरा, एकसारखा, लालबुंद कांदा निवडून ठेवलेला असतो. दाखवायचा माल निवडूनच दाखवतात, त्यात कुणाला पाप वाटत नाही. आप्पांनी रांजणात डोकावून पाहिलं. वर कांद्याची सालपटं तरंगत होती. आईच्या नावाचं पाणी शिकलेल्या बाईंपुढं असं कसं न्यायचं? ते मला तशीच घरी घेऊन आले आणि प्रेमलानं उकळून, गाळून ठेवलेलं पाणी माझ्यात भरलं. इतकं स्वच्छ पाणी मला कधी मिळालं नव्हतं. मी सुखावले. ते आठवलं की आज माझी मलाच किळस येते.

मी एक दिवस राहिले, दोन दिवस राहिले, काही काळी पडले नाही. मंजुषानं वहीत लिहिलं, 'पाणी पिण्यायोग्य. नमुना स्वतः घेतला.' प्रकल्प तपासणाऱ्या राजलक्ष्मी मॅडमनी वहीवर चांगला शेरा दिला. आप्पांनी मार्केटात ज्याला त्याला गाठून सांगितलं, "कॉलेजात तपासलंय, आता बोला." ज्ञानूकाकांनी घरची बाटली आणणं सोडलं. दोस्तावर संशय घेतला म्हणून लाजून त्यांनी त्या दिवशी तीन पेले पाणी प्यायलं.

चौथ्या दिवशी ज्ञानूकाका इस्पितळात होते. डोळे खोल गेलेले, हाताला सलाईन, आणि दीड मणाचं पोतं लीलया उचलणाऱ्या माणसाला कूस बदलायला बायको लागत होती. मंजुषा भेटायला गेली. मी तिच्या पर्समध्येच होते.

"काका, बाहेरचं काय खाल्लंत?"

"न्हाई गं. तुजं पास झाल्यालं पाणीच प्यायलो."

शेजारी उभ्या आप्पांचा चेहरा पडला. खोलीबाहेर येऊन त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आप्पा, तुमी पाणी बदललं. पण मी स्वतः घेतलं असं लिवलं ना. खोटं तर मीपण बोलले."

दुसऱ्या दिवशी मला उकळून, नवी पट्टी घालून ती स्वतः मार्केटात आली. तासभर पाणपोईशेजारी उभं राहून आम्ही जे पाहिलं, मित्रांनो, ते सांगताना अजून अंगावर काटा येतो. एक जण गाळ्यामागं परसाकडं जाऊन आला, हात विजारीला पुसले आणि पेला रांजणात बुडवला, मनगटापर्यंत हात आत घालून. दुसऱ्यानं तंबाखू मळली, बार भरला, तीच बोटं पाण्यात. तिसऱ्यानं उष्टा पेला तसाच परत बुडवला. शी. त्या पाण्यात मला बुडवलं तेव्हा माझं काचेचं अंगसुद्धा आक्रसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डांबरासारखी काळी झाले होते. प्रेमलानं नाकाला पदर लावला. "हे घरात ठिवू नगंस." आप्पा मात्र मला हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. त्यांना वास येत नव्हता असं नाही.

मंजुषा मला घेऊन मॅडमपुढं उभी राहिली आणि सगळं कबूल केलं. वर्ष जाईल, पदवी अडेल, हे तिला ठाऊक होतं. मॅडमनी वहीतलं ते पान काढलं. मग म्हणाल्या, "आधीचा निकाल खोडायचा नाही. त्याखाली हा लिही, पहिला का चुकला ते लिही, आणि कोण आजारी पडलं तेही. गुण कापणार मी." गुण कापले, जेमतेम पास होण्याइतके उरले. पुढं पदवी मिळाली, पण पहिला वर्ग हुकला.

आप्पांनी रांजण काढला. झाकणाचा, तोटीचा पिंप आणला, शेजारी दोरीला साबण टांगला. मग मंजुषाला म्हणाले, "ती काळी बाटली दे." बुचावर मेण ओतून त्यांनी मला पाटीखालच्या फळीवर ठेवलं, बरोबर आईच्या नावाखाली.

ज्ञानूकाका दोन महिन्यांनी कामावर परतले. तोटीखाली पेला धरताना त्यांनी मला पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "आप्पा, ही कुणाची घाण ठिवलीस इथं?"

"आपलीच हाय," आप्पा म्हणाले. "हात धू आदी."

ज्ञानूकाकांनी पेला खाली ठेवला आणि साबण घेतला.

तेव्हापासून मी इथंच आहे, मित्रांनो. येणारा-जाणारा माझ्याकडे बघून थुंकतो. थुंकू दे बापडा, फक्त लांब थुंकावं आणि हात धुऊन पाणी प्यावं, एवढंच माझं मागणं आहे. मी काळी पडले याची मला आता लाज वाटत नाही. ज्या दिवशी मी स्वच्छ राहिले, त्या दिवसाची वाटते.