न्हाव्याची करंगळी

दुकानाचं शटर अडकलं म्हणून न्हाव्याने त्याला सणसणीत ठोसा ठेवून दिला. शटर ढिम्म हललं नाही. करंगळीच्या खालचं तळहातातलं हाड मात्र मोडलं. बायको त्याला दंडाला धरून दवाखान्यात घेऊन आली.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला. "मूठ वळा बघू. करंगळी शेजारच्या बोटावर चढली तर ऑपरेशन करून तार घालावी लागेल. सरळ बसली तर नुसत्या पट्टीवर भागेल."

न्हाव्याने दात-ओठ खात मूठ वळली. बाकीची बोटं मिटली. करंगळी खांबासारखी ताठ उभी!

"वाकतच नाही?" डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. न्हाव्याला वाटलं, आता हात गेला, हाताबरोबर दुकानही गेलं.

"अहो, आधी ती कात्री खाली ठेवा!" बायको रिकाम्या हाताकडे बघत कडाडली. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "कात्री धरून धरून यांची करंगळी कायम वर. चहाचा कप धरला तरी वर. लग्नापासून बघतेय."

न्हावी ओशाळला. त्याने मन लावून करंगळी खाली आणली, तशी ती शेजारच्या बोटाला धक्का न लावता गुमान बसली.

"ऑपरेशन नको," म्हणत डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बोटं एकत्र बांधली. न्हाव्याचा जीव भांड्यात पडला.

बाहेर आल्यावर त्याने हळूच विचारलं, "शटरचं काय करायचं?"

"उघडलं की मघाशीच," बायको म्हणाली. "खालचं कुलूप काढल्यावर."