नळाचा वायसर

आमचे विभागप्रमुख बबनराव सर म्हणजे निव्वळ खोडरबर. त्या माणसानं जन्मात नवीन काही शोधलं नाही, दुसऱ्याले सापडलेलं मात्र बरोबर पुसलं. अन् मी रुपराव, उमरेडच्या विणकराचा पोरगा, नेमका त्याच्याच हाताखाली पीएचडीले लागलो.

साल १९७४. काम साधं होतं. नळातून थेंब पडतात, दोन थेंबांमधला वेळ मोजायचा. नळ बारीक सोडला की थेंब घड्याळासारखे पडत. जरा मोठा केला की एक वेळ लांब, एक आखूड, पुन्हा लांब, पुन्हा आखूड. आणखी केसभर मोठा केला तर चार-चारचा मेळ, अन् त्याच्यापुढे कशाचाच कशाले मेळ नाही! महिनाभर मी येड्यासारखा मोजून राहिलो होतो. दर खेपेले तेच. हे मले सापडलं, जगात आणखी कोणालेच नाही, असं वाटे.

सरांनी आलेख पाहिला अन् नाक मुरडलं.

"हे ठिपके काहून उड्या मारून राहिले? रेघ सरळ पाहिजे गा! नळाचा वायसर खराब असंल. तो बदल, अन् सरासरी काढ."

वायसर बदलला. ठिपके तसेच. मग काढली सरासरी, अन् सगळं गुपचूप झालं. पक्क्या वहीत सरळ रेघ आली, खाली सरांची सही आली. कच्ची वही मी माझ्या हातानं रद्दीत घातली. नावामागं डॉक्टर लागलं, त्याच विभागात नोकरी लागली, महाल मोहल्ल्यात पेढे वाटले. थू अशा पेढ्यांवर!

१९८५ साली लायब्ररीत एक परदेशी मासिक आलं. त्यात नळ होता, थेंब होते अन् माझे उड्या मारणारे ठिपके होते, दुसऱ्याच कोणाच्या नावावर. बबनराव सरांनी पानं उलटली अन् म्हणतात कसे, "पाहा, त्या लोकायचे नळ किती गळके!"

तेच मासिक घेऊन चारुलता माझ्याकडे आली. एमएस्सीची पोरगी, हुशार. आठच दिवसांपूर्वी तिच्या वहीत रेघेबाहेर पडलेल्या ठिपक्यांवर मी लाल पेन्सिलीनं फुल्या मारल्या होत्या.

"सर, तुमचा प्रबंधही नळावरच होता ना? तुम्हाले नाही दिसलं हे?"

दिसलं होतं वं पोरी, एवढंच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "आमच्या नळाचा वायसर चांगला होता."