माहेरचे दिवे

वर्ष सरायच्या दिवशी सकाळी चिंगहू तळ्यावर दोनच माणसं कामाला होती. एक रुआन छाइयुन आणि दुसरा म्हातारा पाणबुड्या खोंग. एरवी तळ्यातल्या या रंगमंचावर रोज संध्याकाळी खेळ व्हायचा आणि दोन हजार माणसं काठावरच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसायची. सुट्टीचा असा हा एकच दिवस, कारण आज ज्याला त्याला आपल्या घरी जेवायला जायचं असतं.

खेळातलं सगळं पाणी छाइयुनच्या ताब्यात होतं. पंप, कारंजी, पाण्याचा पडदा आणि मुख्य म्हणजे हलता तळ. हा लोखंडी तळ चार मीटर खोल पाण्यात असायचा. बटण दाबलं की तो वर यायचा आणि पाण्याच्या दोन बोटं खाली थांबायचा. त्यावरून नटी चालली की ती पाण्यावरूनच चालतेय असं वाटे. तळ एक बोट जरी वर आला तरी लोखंड दिसायचं आणि खाली राहिला तर नटीचे घोटे बुडायचे. ती दोन बोटं बरोब्बर राखायची, यात छाइयुनची सोळा वर्षं गेली होती.

खेळाची गोष्ट साधीच होती. दूर दिलेली लेक आईच्या आजारपणाची बातमी ऐकून निघते, वाटेत नदी आडवी येते आणि नदीच तिला वाट करून देते. लेक पाण्यावरून माहेरी जाते तेव्हा प्रेक्षकांत रडत नाही असं माणूस सापडत नसे.

"काय बाई, आज जेवण कुठं?" पंपांवर झाकणं घालता घालता खोंगने विचारलं.

"आईकडे."

खोंगने चमकून पाहिलं. तोही त्याच भागातला होता.

त्या गावांतला रिवाजच तसा होता. दिलेल्या लेकीने वर्षअखेरीच्या संध्याकाळी माहेरचे दिवे पाहायचे नाहीत. तिने पाहिले तर भावाच्या घराला उतरती कळा लागते म्हणे. तिने यायचं ते नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी, नवऱ्याला घेऊन. पण छाइयुनचा काडीमोड होऊन चार वर्षं झाली होती. सासर उरलं नाही आणि माहेरी दिवे लागले की मज्जाव. अशा बाईने त्या संध्याकाळी जायचं कुठं, याचा विचार रिवाज घालून देणाऱ्या शहाण्यांनी केलेला नव्हता. काडीमोडाच्या पहिल्याच वर्षी ती अंधार पडेपर्यंत माहेरी रेंगाळली आणि पुढच्या उन्हाळ्यात भावाची अठरा डुकरं तापाने मेली. तो ताप अख्ख्या तालुक्यातल्या डुकरांना झाला होता. तालुक्यातल्या प्रत्येक घरचे दिवे काही ती पाहून आली नव्हती, पण दोष तिच्याच माथी बसला.

तरी यंदा ती निघाली, कारण आईने फोन केला होता. खुब्याचं हाड मोडून आई तीन महिने अंथरुणावर होती. "छाइ, यंदा ये," आई म्हणाली होती. "आणि दिवे लागल्यावरच ये. मला तुझ्याबरोबर जेवायचंय. आता माझी किती वर्षं राहिलीत?"

ती गावात पोचली तेव्हा उन्हं कलली होती. गल्लीभर फटाक्यांचा धूर होता आणि घराघरातून जिआओझचं, म्हणजे वर्षअखेरीच्या उकडलेल्या करंज्यांचं, सारण चिरल्याचा टकटक आवाज येत होता. धाकटा भाऊ देशान शिडीवर चढून दारावर तांबडा कंदील लावत होता. तिला पाहताच तो घाईघाईने खाली उतरला आणि त्याने दार आपल्यामागे ओढून घेतलं.

"ताई, अगं तू? आज?"

"आईने बोलावलंय."

"आईला काय कळतंय! औषधाच्या गुंगीत असते." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "हे बघ, मी तालुक्याला लॉजवर तुझी खोली बुक केलीय. हीटर आहे, टीव्ही आहे. जिआओझ गरमागरम पाठवतो. परवा ये ना, मस्त दिवसभर राहा."

"देशान, मी उंबऱ्याच्या आत चार घास खाऊन निघून जाईन रे."

"तसं नाही ताई. माझं काही नाही गं, पण काकांना, गल्लीला काय सांगू? ही पण घाबरते. यंदा पोराची परीक्षा आहे, उद्या काही कमीजास्त झालं तर?"

तेवढ्यात मागच्या खोलीतून आईचा क्षीण आवाज आला. "कोण आलंय रे?"

"कुणी नाही, आई. शेजारचे आहेत."

छाइयुन दाराच्या अलीकडे चार पावलांवर उभी होती. 'मी आलेय' एवढंच म्हणायचं होतं. तिने खोकला दाबला, पिशवी उचलली आणि ती गप्प वळली. त्या गप्प बसण्याचं तिला पुढे जन्मभर वाईट वाटत राहिलं.

लॉजच्या काउंटरवर तिच्याआधी तीन बायका किल्ली घ्यायला उभ्या होत्या. एकटीदुकटी बाई, हातात खाण्याचा डबा, नवा कोट. वर्षअखेरीला या आडबाजूच्या लॉजवर बायका कशाला येतात, हे काउंटरवरच्या माणसाला ठाऊक होतं. त्या तिघींनी आणि छाइयुनने एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रत्येकीला वाटत होतं, अशी वेळ आपल्या एकटीवरच आलीय. चार भिंतींआड चार टीव्ही एकच कार्यक्रम दाखवत राहिले.

दुसऱ्या दिवशी खेळ पुन्हा सुरू होणार होता. बहिणीला डावलल्याची टोचणी देशानलाही असावी. त्याने फोन करून पास मागितले आणि संध्याकाळी बायकोपोरासह आईला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आला. छाइयुनने त्यांना पुढच्या रांगेत बसवायला सांगितलं. तिला स्वतःला कंट्रोल रूम सोडता येणार नव्हती. आईचा चेहरा तिला कॅमेऱ्यातूनच दिसला, खूपच लहान झालेला.

नदीचा प्रसंग आला. लेक काठावर उभी राहिली, संगीत चढलं. आता तळ वर घ्यायचा. पण त्याआधी एक नियम असतो. पाण्याखाली काम करणारा प्रत्येक पाणबुड्या उतरताना आपला बिल्ला फळीवर अडकवतो आणि बाहेर आला की काढून घेतो. एक जरी बिल्ला फळीवर असला तरी तळ हलवायचा नाही, मग खेळ बुडाला तरी चालेल. त्या दिवशी खोंगचा बिल्ला फळीवरच होता. त्याचा पट्टा खाली केबलमध्ये अडकला होता आणि दुसरा पाणबुड्या तो सोडवत होता.

छाइयुनने बटणावरचा हात काढला. "थांबा सगळे. माणूस आत आहे."

एक मिनिट गेलं, दोन गेली. नटी पलीकडच्या माहेराच्या दिशेने हात पसरून तशीच उभी राहिली. समोर नुसतंच काळं पाणी. संगीत संपलं. प्रेक्षक आधी कुजबुजले, मग कुणीतरी ओरडलं, "अहो, जाऊ द्या की तिला!" बघता बघता सगळ्या पायऱ्या ओरडायला लागल्या, "घरी जाऊ द्या तिला! आईकडे जाऊ द्या!"

कॅमेऱ्याच्या पडद्यावर छाइयुनला देशान दिसला. तो उठून उभा राहिला होता आणि तोंडाशी हात धरून जीव खाऊन ओरडत होता. मग खुर्चीतल्या आईने त्याची बाही ओढली. ती काहीतरी बोलली आणि देशान मटकन खाली बसला.

चौथ्या मिनिटाला खोंग वर आला. तळ उचलला गेला, दोन बोटांवर थांबला आणि लेक माहेरी गेली.

खेळ संपल्यावर छाइयुन धावतच आईजवळ आली. देशान बुटांकडे पाहत होता.

"काय म्हणालीस गं त्याला?"

"विचारलं, काल दारात कोण होतं?" आईने तिचा हात धरला. "पोटच्या पोरीची पावलं मला कळत नाहीत होय? मी जेवलेच नाही काल रात्री. पण छाइ, तो खोटं बोलला ते बोलला, तू का गप्प राहिलीस?"

छाइयुन भावाकडे वळली. "देशान, पुढच्या वर्षअखेरीला मी येणार. दिवे लागल्यावरच येणार. दार लावलंस तर गल्लीत उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारीन."

"नाही लावणार," तो म्हणाला.

आणि त्याने शब्द पाळला. पुढच्या वर्षअखेरीला कंदील लागल्यावर ती गल्लीतून चालत गेली. शेजारच्या खिडक्या उघडल्या आणि काका मुद्दाम बाहेर येऊन खाकरले. देशान दारात उभा होता. त्याने सगळ्यांदेखत तिची पिशवी हातात घेतली आणि तिला आत नेलं.

टेबलावर वाडगे मांडले होते. भावजय म्हणाली, "बसा ना, ताई."

छाइयुन उभीच राहिली. या संध्याकाळी या घरात कुठे बसायचं असतं, ते तिला माहीत नव्हतं. देशानने भिंतीकडची खुर्ची पुढे ओढली. ती आईची होती. आई वसंतातच गेली होती.

"हे गेल्या वर्षी केलं असतंस तर, देशान."

"हो, ताई," तो म्हणाला.