भागीरथाच्या कपाटाची दारं

माझी बायको भागीरथा गेली तेव्हा मी तेरवीचं जेवण घातलं नाही. तिनंच नको म्हटलं होतं. मेडिकलच्या वॉर्डात पडल्या पडल्या म्हणाली, "पंगती नका बसवू जी. लोक जेवतीन अन् वरणाले नावं ठेवतीन. त्याच्यापेक्षा पोरायच्या शाळेत पुस्तकं द्या."

ती चौथीपर्यंत शिकलेली. आमची जिजा हायस्कुलात होती तेव्हा दर शनिवारी शाळेच्या लायब्ररीतून पुस्तक आणायची आणि मोठ्यानं वाचायची. भागीरथा चरख्यावर माझ्या मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता ऐकायची. गोष्ट रंगली की तिचा चरखा थांबायचा आणि इकडे माझा माग. पुढे ती स्वतःच वाचू लागली. जिजा नर्स झाली, तीही त्या पुस्तकांमुळेच, असं भागीरथाचं म्हणणं. नंतर लायब्ररी सांभाळणारे मास्तर रिटायर झाले, आणि त्या खोलीत शिक्षकांचा चहा होऊ लागला.

तेरवी घातली नाही म्हणून जातीतले लोक फार बोलले. जातीचे पुढारी बापूजी तर दारात उभं राहून म्हणाले, "बाईले उपाशीच धाडलं गा मारोतराव." मी ऐकून घेतलं. जिजाला घेऊन सीताबर्डीच्या बाजारातून पुस्तकं आणली, सुताराकडून काचेच्या दारांचं सागवानी कपाट करून घेतलं आणि जिजाच्याच शाळेत पोचतं केलं. हेडमास्तरांनी फळ्यावर 'ग्रंथदान' असं लिहिलं, भाषण केलं.

वर्षभरानं शेजारच्या चंद्रभानची सिंधू माझ्याकडे जुनी वर्तमानपत्रं मागायला आली. दहावीची पोरगी. मलेरियावर निबंध लिहायचा होता.

"शाळेत डासाचं पुस्तक आहे ना," मी म्हटलं. "चित्रं आहेत त्यात. मीच आणलं."

"मावशीच्या कपाटात? त्याले हात नाही लावू देत जी काका. आम्ही जाता-येता नमस्कार करतो."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. कपाट व्हरांड्यात होतं, हेडमास्तरांच्या खोलीबाहेर. मोठं कुलूप. वर भागीरथाचा फोटो, त्याला प्लॅस्टिकचा हार. काचेवर हळदीकुंकवाची बोटं, तेलाचे ओघळ. उदबत्तीची राख, सडलेला नारळ. आत पुस्तकांवर दसऱ्याच्या पूजेचं कुंकू तसंच होतं आणि त्यातून पानं खाणारी कसर फिरत होती. वर्षभरात ती पुस्तकं फक्त कसरीनं उघडली होती.

"देवघरासारखं जपलंय," हेडमास्तर म्हणाले. "मुलं पानं फाडतात हो. आणि ही तर ताईंची आठवण. इन्स्पेक्टरसाहेब पाहून फार खूश झाले."

"उघडून पाहिलं त्यांनी?"

"काचेतून सगळं दिसतं की."

"मग पोरींना द्या. नाहीतर मी परत नेतो."

ते हसले. "दान दिलेलं परत घेत नाहीत, मारोतराव. तुमचे जातवाले काय म्हणतील?"

काय म्हणतील ते मला माहीत होतं. मी घरी आलो. मेलेल्या बाईच्या नावानं त्यांनी जिवंत पोरींना पुस्तकांपासून लांब ठेवलं होतं, आणि वर त्यांनाच हात जोडायला लावत होते. मागाच्या पेटीतला पेचकस काढला आणि परत गेलो.

कवडू शिपायानं मला बिजागरीचे स्क्रू काढताना पाहिलं. "काय करून राह्यले जी?"

"दारं घेऊन चाललो."

"अन् कुलूप?"

"ते दारासंगंच येते. तुह्या सरले पाहिजे असन तर त्यायच्या चहाच्या कपाटाले लावा म्हणा."

कवडूला हसू आवरेना. हेडमास्तर धावत आले. "हे काय? दान परत घेता?"

"दान ग्रंथांचं होतं. तुम्हीच लिहिलं. ग्रंथ तुमच्याकडेच आहेत."

"उघड्यावरून चोरीला गेले म्हणजे?"

"चोरून नेऊन वाचतील ना? नेऊ द्या."

मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरी बाहेर आल्या. सिंधूनं सवयीनं कपाटापुढे हात जोडले, आणि मग तिला दिसलं की काच नाही. फोटोही नाही. तो माझ्या काखेत होता.

"काका, आता नमस्कार कोणाले करू?"

"कोणालेच नाही. डासाचं काढ."

तिनं हेडमास्तरांकडे पाहिलं. ते काढलेल्या दारांचं कुलूप ओढून पाहत होते. तिनं पुस्तक ओढलं तशी दोन कसरी तिच्या हातावर पडल्या.

"शी!" म्हणून तिनं हात झटकला, कुंकू फ्रॉकला पुसलं आणि पायरीवर बसून पानं उलटू लागली. मागून दुसरीनं हात घातला.

एक दार मी उचललं, एक कवडूनं. त्या दारांचं काय करायचं ते अजून ठरवलं नाही. काचा मात्र राखेनं घासून स्वच्छ केल्या.