बुटांनी मोजलेली धाव

उंच उडीची, एक मीटर शहाऐंशीवरची आडवी काठी स्काइस्तेने दोनदा पाडली होती. तिसऱ्यांदा पडली, तर लिथुआनियाच्या संघातली तिची जागा गेली. पानेवेझिसच्या क्रीडागृहाबाहेर पारा उणे अठरावर होता. आत गॅलरी भरली होती.

औद्रोने ही तिची प्रशिक्षिका कठड्याशी उभी होती. हीच उंची तिने स्वतः एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत ओलांडली होती. तिच्या हाताखालच्या एकाही मुलीला ती आजवर साधली नव्हती.

“काल बटाट्याचे त्सेपेलिनाय किती हाणलेस गं?” स्काइस्ते कठड्याजवळ येताच तिने विचारले.

“दोनच, बाई.”

“म्हणजे चार. बटाटा उडत नसतो, पोरी.”

“मग तुम्ही कशा उडालात? तुम्ही तर पाच खाता!”

औद्रोने हसली, पण तिची नजर गादीसमोरच्या फरशीवर खिळली होती. दोन्ही वेळा मुलगी हातभर लांबूनच उसळली होती आणि उतरताना काठीला लागली होती. वेग ठीक, वळण ठीक. म्हणजे चूक आरंभातच असली पाहिजे. आरंभाची खूण तर तिनेच केली होती. सकाळी स्काइस्तेची बस बर्फात अडकली. दोघींचे पाऊल एकाच मापाचे, म्हणून तिच्याऐवजी गादीपासून मागे, टाचेला पंजा भिडवत बावन्न पावले औद्रोनेने मोजली होती.

तिने खाली पाहिले. पायांत लोकरीच्या अस्तराचे हिवाळी बूट होते. प्रत्येक बूट उडीच्या बुटापेक्षा सेंटीमीटरभर लांब. तेही बावन्न वेळा.

पंचांच्या आणि भरल्या गॅलरीच्या देखत ती ओरडली, “स्काइस्ते, खूण चुकली! मी बुटांनी मोजलं. चूक माझी!”

“अहो बाई, बूट तरी काढायचे!”

“तोंड नको चालवूस, मोज!”

मुलीने पुन्हा मोजले, खुणेची पट्टी हातभर पुढे चिकटवली आणि धावली.

उडी मारताना औद्रोनेला नेहमी फक्त छत दिसले होते. ही उंची आज ती प्रथमच खालून पाहत होती. धाव वळली, एक पाय रोवला गेला, आणि ते शरीर तिच्या डोक्याहून उंच, कमानीसारखे, कशाचाही आधार न घेता अधांतरी राहिले. काठी थरथरलीसुद्धा नाही.

पंचाने पांढरे निशाण उचलले.

“बाई, दिसलं का?” गादीवरून आरोळी आली.

औद्रोनेने मान डोलावली. माणसाला हे करता येते, असे ती तीस वर्षे शिकवत आली होती. ते खरे असल्याचे तिला आत्ता पटले.