लुहीमा

बारशाला माझ्या भावाने, सूर्यभानने, अख्खं गाव जेवायला बोलावलं. बायको जाऊन जेमतेम महिना झालेला, आणि दाराला आंब्याचं तोरण! अमरावतीहून कापसाचे दलाल आले होते. त्यांच्यासमोर सूर्यभान छाती फुगवून सांगत होता, "पोरीचा पायगुण पाहा. जन्मली अन् कापसाचा भाव चढला. सोनाबाईच नाव ठेवा लागते."

पायगुण म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पोरीची आई गोदा, माझी भावजय. विलायतेहून कापसाला मागणी आली तसा भावाने सरकी काढायचा लाकडी रेचा घरात आणून बसवला. गोदा मूठ फिरवायची, मी कापूस लावायची. ओसरीवर बसून सूर्यभानचे कान आमच्याकडेच. दोन शब्द बोललो की खेकसायचा. म्हणून आम्ही आमची वेगळीच बोली केली. 'तिमू' म्हणजे पाणी. 'गरख' म्हणजे स्वतः सूर्यभान. तो शब्द आला की गोदा पदर तोंडात कोंबून हसायची.

आणि 'लुहीमा'. मूठ सोडली की रेचा थांबता थांबता 'लुही' असा बारीक आवाज करायचा. गोदाने त्याला लाडाचं 'मा' लावलं. अर्थ एवढाच : हात सोड बाई, जरा टेक.

तिचे दिवस भरत आले तरी रेचा सुटला नाही. मी 'लुहीमा' म्हणायचे. ती ओसरीकडे बघायची आणि फिरवत राहायची. 'जरा टेक' हे तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तो म्हणायचा, हंगाम निघून जाईल. वेणा तिथेच सुरू झाल्या. रात्री पोर आली, पहाटे गोदा गेली.

आमच्यात आत्या कानात सांगेल तेच नाव. मी पाळण्यावर वाकले आणि सांगितलं. बायकांनी 'कुर्र' करून माझ्या पाठीत धपाटे घातले.

"काय ठेवलं वो नाव?" शेजारच्या पार्वताबाईने विचारलं.

"लुहीमा."

सूर्यभान पानावरून उठला. "हे कोनतं नाव होये? काहून चार लोकाईत माही अब्रू घालवून राहिली, बाई? दुसरं सांग तिच्या कानात!"

"सांगतलं ते सांगतलं. आता फिरत नाही."

"मतलब तरी काय त्याचा?"

"हात सोड बाई, जरा टेक. गोदाले हे एकडाव तुह्या तोंडून आयकाचं होतं. तुनं नाही म्हटलं. आता पोरीले हाक मारशीन तवा तवा म्हनशीन."

दलाल ताटात बघू लागले. पोर रडायला लागली. उचलायला निघालेल्या पार्वताबाईचा हात मी धरला.

"मार हाक," मी भावाला म्हणाले.

"सोना," तो म्हणाला. ती रडतच राहिली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही.

"लुहीमा," तो पुटपुटला.

"मोठ्यानं म्हन," मी म्हणाले. "गोदाले आयकू गेलं पाह्यजे."