लाल औषध

"आई, मरू दे आता त्या पिल्लाला. नवी पिल्लं आणू," मुलगा बुटाची नाडी बांधत म्हणाला.

"लहानपणी तू तापाने काळानिळा पडला होतास. तेव्हा मी नवा आणला का?" मी म्हटलं.

तो रात्रपाळीला निघून गेला. सूनबाईने तोंडाला पदर लावला. हसली असणार.

दुपारी खुराड्यात मांजर शिरलं होतं. माझी कवडी कोंबडी पंख पसरून पिल्लांवर बसली ती तशीच गेली. तिच्याखालून दोन पिल्लं निघाली. एक धड होतं, दुसऱ्याच्या पाठीची कातडी सोललेली. आमच्या घरात कुणाला काही लागलं की मी लाल औषध लावते. नवऱ्याची टाच असो नाहीतर नातवाचा गुडघा. तेच पिल्लालाही लावलं, चांगलं सढळ हाताने. खोक्यात दोघांना ठेवलं, तर धडकं पिल्लू त्याच पाठीवर चोची मारायला लागलं. वेगळं केलं, तर जखमी एकटं गारठून ओरडायला लागलं. गरम पाण्याची बाटली झाली, कापूस झाला. आवाज बारीकच होत चालला.

त्याला कोंबडीचं पोट हवं होतं. आणि खुडूक बसलेली कोंबडी अख्ख्या आळीत एकीकडेच होती, माझ्या धाकट्या जावेकडे.

आमची भिंत एक, दारं दोन. माझ्या कोंबड्यांनी तिचा पालक उकरला, तिने दगड मारला, आणि "तुझा उंबरा ओलांडला तर नाव लावणार नाही" असं मी चारचौघांत बोलून बसले होते. माझं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ.

"मी जाऊन येऊ का?" सूनबाईने विचारलं.

"तुला कोंबडीचं डोकं कुठं नि शेपूट कुठं ते तरी कळतं का?"

दोन्ही पिल्लं पदरात घेतली नि निघाले.

जाऊ एकटीच असते. नवरा गेला, मूलबाळ नाही. बाळंतिणींच्या दवाखान्यात आया होती, लोकांची पोरं न्हाऊ घालण्यात जन्म गेला. आता हात थरथरतात, म्हणून कुणासमोर कप उचलत नाही.

"अक्का? वाट चुकलात?"

"कवडी गेली. तुझी खुडूक आहे ना?"

तिने पदरात वाकून पाहिलं. "अहो, हे लाल कशाला फासलंत? कोंबडीला ते रक्तच वाटणार. टोचून टोचून मारेल."

उत्तर तोंडाशी आलं होतं. पिल्लू ओरडलं. मी उत्तर गिळलं.

तिने कंदिलाच्या काचेवरची काजळी तेलात कालवली. लावायला गेली, तर बोट थरथरायला लागलं. मग मी पिल्लूच तिच्या बोटाखाली फिरवलं.

अंधारून आलं होतं. धडकं पिल्लू मागून सरकवलं, ते पोटाखाली गडप झालं. दुसरं सरकवलं, तर कोंबडीने मान वळवून एका डोळ्याने पाहिलं आणि टोच मारली. माझा हात पुढे गेला. जावेने मनगट धरलं.

"मारेल ती!"

"थांबा अक्का. मारतेय की विचारतेय, ते तरी बघा."

दुसरी टोच हलकी होती. पिल्लू फरफटत आत शिरलं. चिवचिव चालू राहिली, मग थांबली.

"मेलं," मी म्हणाले.

"गप्प बसा हो."

"पंख उचलून बघ तरी."

"गारवा शिरेल आत."

बसलो. माझं मनगट तिने सोडलं नव्हतं. मग कोंबडीने बारीक आवाजात कुक कुक केलं, आणि तिच्या छातीच्या पिसांतून एक काजळी माखलेलं डोकं बाहेर आलं.

"पालक पुन्हा लावलायस?" मी उठता उठता विचारलं.

"लावलाय."

"कुंपण घाल मग."

"तुम्ही कोंबड्या कोंडा."

घरी आले. बाकीच्या कोंबड्या कोंडून खुराड्याचं दार लावलं. सूनबाई माझ्या मनगटाकडे बघत होती. त्यावर चार काळी बोटं उमटली होती.

"पाणी देऊ हात धुवायला?"

"काही नको. भांडी घासताना जाईल आपोआप."

त्या रात्रीची भांडी मी तिलाच घासायला लावली.